सहा नंबरच्या तळ्यातला उपास

सकाळचे सहा वाजून पन्नास मिनिटं झाली होती. ओथेला स्टॅम्प्स सहा नंबरच्या तळ्याच्या बांधावर एक गुडघा टेकून बसली होती आणि पाण्यात सोडलेली दोरी हळूहळू वर ओढत होती. दोरीच्या टोकाला थर्मामीटर होतं. तिने काच पँटला पुसली, डोळ्यांजवळ नेली, मग हात लांब करून पुन्हा पाहिली. अठ्ठ्याहत्तर. अंगातला ताप ज्या अंशांत मोजतात, त्याच अंशांतलं. आठवड्यापूर्वी याच वेळी शहाऐंशी होतं. मधल्या दिवसांत उत्तरेकडून गार कोरडा वारा आला होता. आजूबाजूच्या कापसावर पानं गाळायचं औषध मारलं गेलं होतं आणि त्याचा कुजका वास तळ्यांपर्यंत येत होता. सप्टेंबर संपत आला होता.

अठ्ठ्याहत्तर पाहून ओथेलाला बरं वाटलं. ऑगस्टच्या कढत पाण्यात कॅटफिशची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सुस्तावतात, गोळी तोंडाशी आली तरी हुंगून सोडून देतात. आता खातील. ती ट्रकमध्ये चढली, मागच्या टाकीचा पंखा चालू केला आणि बांधाच्या कडेने सावकाश निघाली. खाद्याच्या बारीक गोळ्यांचा फवारा पाण्यावर पडत गेला. क्षणभर काहीच झालं नाही. मग एका टोकापासून पाणी खदखदायला लागलं. हजारो इवली तोंडं वर आली, शेपट्या फटाफट आपटल्या, आणि दुधाच्या चहासारख्या रंगाचं ते तळं भरल्यासारखं दिसलं.

बेल्झोनी गावाच्या आसपासच्या तळ्यांत हात मनगटापर्यंत बुडवला तरी आपलीच बोटं दिसत नाहीत. खाद्य पडतं तेवढ्या वेळात मासे दिसतात, बाकी सगळा वेळ नुसतं पाणी दिसतं. त्यामुळे इथली मत्स्यशेती करणारी माणसं पेट्रोल पंपावर भेटली की एकमेकांना मासे किती आहेत असं विचारत नाहीत. खातायत कशी, असं विचारतात.

खाद्य संपलं. पाणी शांत झालं. पण वाऱ्याकडच्या कोपऱ्यात काही बोटुकली वरच राहिली. डोकं वर, शेपूट खाली, जागच्या जागी लोंबकळल्यासारखी. त्यांचं पोट भरलं नाही असं ओथेलाने धरलं. अशा माशांना ती पूर्वीपासून मागणारे म्हणायची. तिने ट्रक वळवला आणि त्या कोपऱ्यावर आणखी एक फवारा मारला.

ओथेला बावन्न वर्षांची आहे. डब फेरिस यांच्या तळ्यांवर ती एकोणीस वर्षं खाद्याचा ट्रक चालवते आहे. त्याआधी ती गावाबाहेरच्या मासे कापायच्या कारखान्यात होती. पट्ट्यावरून मुंडकं उडवलेला मासा येतो, तो यंत्राला लावून कातडं काढायचं, पुढे सरकवायचा, तोवर दुसरा हजर. तिथे तिच्या दोन्ही मनगटांची शस्त्रक्रिया झाली. लोणच्याच्या बरणीचं झाकण तिला अजूनही उघडता येत नाही, नवऱ्याला हाक मारावी लागते. कारखान्याचा विषय निघाला की ती हात खिशात घालते.

या वसंतात बोटुकल्यांच्या तळ्याचं काम बघणारा माणूस लांब पल्ल्याच्या मालट्रकवर निघून गेला. मिस्टर डबनी ते तळं ओथेलाला दिलं. मोठ्या तळ्यांचा ट्रक टायरीकडे गेला. टायरी अठ्ठावीस वर्षांचा, तोंडाने फटकळ, कामाला चोख. अट साधी होती. नोव्हेंबरात सहा नंबरमध्ये जाळं ओढायचं. बोटुकली चांगली निघाली तर ते तळं ओथेलाचं. नाही निघाली तर मिस्टर डब आर्कान्साच्या एका माणसाकडून तयार बोटुकली विकत घेणार आणि सहा नंबरात मोठे मासे सोडणार. मग खाद्याला एकच ट्रक पुरे होता, आणि तो टायरीकडे होता. ओथेलासाठी राहिला असता कारखाना. तिथे माणसं नेहमीच हवी असतात. आर्कान्सावाल्याला ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाऱ्याकडच्या कोपऱ्यात पांढरी पोटं तरंगत होती. पांढरे बगळे रांगेने उभे होते आणि त्यांना घाई नव्हती. ओथेलाला आधी वाटलं की रात्री ऑक्सिजन कमी पडला असेल. पण पाणी घुसळणारं चाक रात्रभर चालू होतं. तिसऱ्या दिवशी मेलेली जास्त होती, आणि मागणारीही जास्त. मिस्टर डब येऊन बांधावर उभे राहिले, तोंडातली काडी एका गालातून दुसऱ्या गालात नेली आणि म्हणाले, प्रयोगशाळेत घेऊन जा.

प्रयोगशाळेतले डॉक्टर बाउंड्स अलाबामातून नुकते आलेले, तरुण, आणि ओथेलाला प्रत्येक वाक्यात मिसेस स्टॅम्प्स म्हणणारे. मेलेली नकोत, आजारी पण जिवंत हवीत, असं त्यांनी फोनवर सांगितलं होतं. कोपऱ्यातली लोंबकळणारी पकडणं सोपं होतं. ती जाळीपासून पळतच नव्हती. डॉक्टरांनी एक टेबलावर घेतलं, पोटाखालचे टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके दाखवले आणि दोन डोळ्यांच्या मधोमध पडलेला फिकट खड्डा. तो खड्डा ओथेलाने पाहिला नव्हता, ऐकला होता. डोक्याला भोक पडतं म्हणतात तो हाच रोग.

डॉक्टरांनी जे सांगितलं ते असं. या रोगाचे जंतू जवळपास प्रत्येक तळ्यात असतात. पाणी ब्याऐंशीच्या वर असलं की ते फारसं काही करत नाहीत. बहात्तरच्या खाली गेलं की पुन्हा थंडावतात. मधल्या दहा अंशांत त्यांची चंगळ असते.

ओथेलाने थोडा विचार केला. मग म्हणाली, "म्हणजे ज्या पाण्यात ती सगळ्यात छान खातात, त्याच पाण्यात मरतात?"

"साधारण तसंच, मिसेस स्टॅम्प्स."

"मग मी काय करायचं?"

"खायला घालणं थांबवा."

तिला वाटलं आपल्या ऐकण्यात काहीतरी राहिलं. डॉक्टरांनी पुन्हा समजावलं. खाद्य पडलं की सगळी एका जागी गोळा होतात, आजारी आणि धडधाकट एकमेकांना घासतात, आणि जंतू गोळीबरोबर तोंडावाटे पोटात जातात. खाद्य नाही तर गर्दी नाही. अगदीच उपाशी मरणार नाहीत, पाण्यात किडेमकोडे असतात. किती दिवस, या प्रश्नावर मात्र ते घुटमळले. काही जण पूर्ण बंद करतात. काही एक दिवसाआड थोडं देतात. औषध घातलेलं खाद्यही मिळतं, मागवावं लागतं, पण ते पोटात जाईल तर गुण येणार, आणि आजारी मासा खातच नाही. टाकीत केलेल्या प्रयोगात एक दिसतं आणि तळ्यात दुसरंच. त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं की तुमच्या तळ्याचं मी छातीठोकपणे काही सांगू शकत नाही.

परतीच्या वाटेवर तिने ते सगळं मनात जुळवायचा प्रयत्न केला. घरी पोचेपर्यंत तिच्याकडे तीन वेगवेगळे सल्ले होते आणि तिन्ही एकाच माणसाने दिलेले होते.

मिस्टर डबनी ऐकून घेतलं आणि बंद कर म्हणाले. त्यांचे वडील सप्टेंबरात हात सैल सोडून खाऊ घालायचे, हिवाळ्यात मासा टिकायचा असेल तर आत्ताच त्याच्या अंगावर मांस चढव म्हणायचे. त्यामुळे बंद कर म्हणतानाही त्यांचा चेहरा काही पटलेल्या माणसाचा नव्हता. बुधवारी दुपारी त्यांनी फोन करून सांगितलं की थोडंसं टाकून बघ. तिने टाकलं. गुरुवारी ते तळ्यावर आले, बांधाच्या कडेला अडकलेल्या दोन-चार गोळ्या पाहिल्या आणि विचारलं, कोणी सांगितलं खाद्य टाकायला?

"तुम्हीच."

"मी?" त्यांनी काडी काढून बघितली, जणू तिलाच विचारावं. "बरं. मग आता नको टाकू."

त्यानंतर सहा नंबरवर खरी शांतता झाली. ओथेला रोज सकाळी थर्मामीटर ओढायची. सत्त्याहत्तर, अठ्ठ्याहत्तर, पुन्हा सत्त्याहत्तर. मग बांधावर उभी राहायची. खाली काय चाललं आहे ते कळायला मार्गच नव्हता. जी धडधाकट होती ती खाद्याशिवाय वर येत नव्हती. दिसायची फक्त कोपऱ्यातली लोंबकळणारी आणि मेलेली. त्यामुळे तिला वाटायला लागलं की तळ्यात तेवढंच उरलं आहे. एकोणीस वर्षं ती मासे खाताना बघूनच ते बरे आहेत की नाहीत ते ओळखत आली होती. आता न बघता ओळखायचं होतं, तेही उपाशी ठेवून.

घरी लीव्हॉन होता. तिचा नवरा, कापसाच्या जिनिंगमधून निवृत्त, सात वर्षांपासून साखरेचा आजार. पांढरा पाव तिने कपाटाच्या वरच्या फळीवर चढवला आहे आणि गोड रोल घरात येऊ देत नाही. शुक्रवारी संध्याकाळी तिने त्याला तळ्याचं सांगितलं. तो पुढ्यातली उकडलेली पालेभाजी काट्याने एका बाजूला सारत ऐकत होता.

"मला उपाशी ठेवतेस," तो म्हणाला, "आणि जीव तुटतोय तो माशांसाठी."

"तुला कोण उपाशी ठेवतंय? भाजी ठेवलीय ना पुढ्यात."

"ही गाईपुढे ठेवतात, बायको. नवऱ्यापुढे नाही."

रविवारी चर्च होतं. ओथेलाच्या चर्चमध्ये कोणी आजारी पडलं की त्याच्या घरी जेवण पोचतं. तळलेली कोंबडी, शेवयांसारखी लांब स्पॅगेटी, पालेभाजी, मक्याचा पाव, वर चांदीच्या कागदाचं झाकण. ताटं भरायचं आणि पोचवायचं काम कित्येक वर्षं ओथेलाकडे आहे. आजारी माणसाला त्यातलं चालतं की नाही हे कोणी विचारत नाही. ताट पोचलं नाही तर मात्र लोक लक्षात ठेवतात. त्या रविवारी दोन घरी ताटं द्यायची होती. दुसरं घर तळ्यांच्या फाट्यावरच होतं. ताट देऊन ती बाहेर आली, गाडी चालू केली आणि घराकडे वळायच्या ऐवजी उजवीकडे वळली.

चर्चमध्ये लोकांना जागा दाखवणाऱ्या बायका घालतात तो पांढरा झगा तिच्या अंगात होता, पायात पांढरे बूट. शेडमधून तिने बादलीत खाद्य घेतलं. ट्रक काढला नाही. बांधावरून चालत हाताने मुठी मुठी टाकत गेली. पाणी हललं, पण आधीसारखं खदखदलं नाही. मग ती वाऱ्याकडच्या कोपऱ्यात गेली, झगा आवरून पाण्याच्या कडेला बसली आणि लोंबकळणाऱ्या एका बोटुकल्याच्या अगदी तोंडासमोर एक गोळी टाकली.

गोळी तरंगत जाऊन त्याच्या मिशीला लागली. ते स्वतःभोवती गोल फिरलं आणि पुन्हा तसंच उभं राहिलं. तोंड उघडलं नाही. तिने दुसरी गोळी टाकली. तेवढ्यात खालून दुसरं एक आलं, गडद पाठीचं, चपळ. आजाऱ्याच्या अंगाला घासून त्याने गोळी उचलली आणि दिसेनासं झालं. तिने आणखी एकदा टाकून पाहिलं. तेच झालं. तिने बादली खाली ठेवली.

घुसळायच्या चाकाचं ग्रीस बघायला टायरी आला होता. त्याने लांबून पांढरा झगा पाहिला आणि गाडीतूनच म्हणाला, "मिस ओथेला, इथल्या पण आजाऱ्यांना ताटं देताय वाटतं? माझंही एक धरा. सकाळपासून मला काही बरं वाटत नाहीये."

ती वळली नाही. "टायरी, ती खात नाहीयेत."

"कोण?"

"जी मागतायत ती."

टायरी उतरून तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. त्याने वाकून पाण्यात पाहिलं.

सोमवारी ती पुन्हा प्रयोगशाळेत गेली. पिशवीत नेलेल्यांपैकी एक गुटगुटीत बोटुकलं वाटेतच मेलं होतं. डॉक्टर बाउंड्सनी आधी लोंबकळणारं एक कापलं. त्याच्या पोटाची पिशवी रिकामी होती, सुकलेल्या वाटाण्याएवढी आक्रसलेली. कित्येक दिवसांत त्यात काही गेलं नव्हतं. मग त्यांनी वाटेत मेलेलं कापलं. त्याच्या पोटात भिजून फुगलेल्या गोळ्या होत्या.

"खाद्य चालू आहे का तुमच्याकडे?"

"काल मी टाकलं. मालकांना माहीत नाही."

डॉक्टरांनी चाकू खाली ठेवला. हात धुवायला गेले.

"ही माझ्यामुळे मेली?" तिने विचारलं.

"नाही. ही गेल्या आठवड्यातल्या लागणीची. कालच्या खाद्याने काही झालं असेल तर ते शनिवारच्या आसपास दिसेल."

तिला वाटलं होतं की उत्तर हो किंवा नाही असेल. शनिवार हे उत्तर असू शकतं हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं. शेपूट खाली, डोकं वर करून उभी असलेली ती बोटुकली भुकेली नव्हती, मेंदूपर्यंत रोग गेल्यामुळे तशी उभी होती, हेही डॉक्टरांनी सांगितलं. मग तिने एकोणीस वर्षांतल्या किती माशांना मागणारे समजून वाढलं असेल, हा हिशेब ती वाटेत करायला गेली आणि सोडून दिला.

तळ्यावर मिस्टर डब आणि टायरी दोघेही होते. तिने गाडीतून उतरून, हात खिशात घालून, एका दमात सांगून टाकलं की रविवारी मी खाद्य टाकलं, बादलीभर, तुम्ही नको म्हटल्यावर. नोव्हेंबरच्या आधीच काय ते सांगून टाका, असंही म्हणाली.

मिस्टर डबनी तोंडातली काडी पाण्यात फेकली. मग म्हणाले, "शनिवारी संध्याकाळी मी पण टाकलं."

"तुम्ही?"

"बघायचं होतं मला. आहेत का नाहीत तेच कळेना." त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली. "आली होती बरीचशी. मग कुठे झोप लागली."

दोघांनी टायरीकडे पाहिलं. टायरी आपल्या बुटांकडे बघत होता. म्हणाला, चाकापाशी आलो की दोन-चार मुठी टाकायचो, चाकाजवळ ऑक्सिजन बरा असतो म्हणून. रोज नाही. जवळजवळ रोज.

म्हणजे उपास असा झालाच नव्हता. डॉक्टरांचा सल्ला चुकला की बरोबर होता, हे ठरवायला तो आधी कोणीतरी पाळायला हवा होता. मिस्टर डबना हसू आलं, पण ते अर्ध्यावर थांबलं, कारण बगळे अजून रांगेत उभे होते.

पाणी बहात्तरच्या खाली जाईपर्यंत सहा नंबरच्या खाद्याच्या शेडला कुलूप लावायचं, असं ओथेलाने म्हटलं. मिस्टर डब म्हणाले, किल्ली माझ्याकडे दे. ती नाही म्हणाली. मग तुझ्याकडे ठेव, असं ते म्हणाले, तर तिने त्यालाही नकार दिला. टायरीचं नाव कोणी काढलं नाही.

"लीव्हॉनकडे," ती म्हणाली. "त्याला सवय आहे कुलपाची."

लीव्हॉनने किल्ली बुटाच्या नाडीत ओवून गळ्यात घातली. त्याला झालेला आनंद लपत नव्हता. व्हरांड्यातल्या खुर्चीत बसून तो येणाऱ्याजाणाऱ्याला किल्ली दाखवायचा आणि सांगायचा की उपाशी ठेवलं की कसं वाटतं, ते आता या घरात आणखी कोणालातरी कळेल. ओथेलाने त्या आठवड्यात त्याच्या ताटात मक्याच्या पावाचा एक छोटा तुकडा वाढवला. त्याने तो लाच म्हणून खाल्ला आणि किल्ली दिली नाही.

शुक्रवारी पाऊस आला आणि मागोमाग पुन्हा उत्तरेचा वारा. शनिवारी सकाळी थर्मामीटर चौऱ्याहत्तरवर होतं. ओथेला उजाडायच्या आधीच कोपऱ्यात जाऊन उभी होती. मेलेली होती, पण आदल्या दिवसापेक्षा कमी. तिने डॉक्टरांना फोन करून विचारलं की याचा अर्थ काय. रविवारच्या खाद्याने काही बिघडलं नाही, की बिघडलं होतं ते गारव्याने सावरलं? डॉक्टर म्हणाले, दोन्ही शक्य आहे. तिने विचारलं, कधीतरी कळेल का? त्यांनी नाही म्हटलं, आणि सॉरीसुद्धा म्हटलं.

त्याच संध्याकाळी मिस्टर डबची गाडी ओथेलाच्या दारात थांबली. एकोणीस वर्षांत ते तिच्या व्हरांड्यावर फार वेळा आले नव्हते. त्यांनी गार चहा घेतला, शाळेच्या फुटबॉल संघाचं कसं चाललंय ते विचारलं, लीव्हॉनच्या पायाची सूज विचारली, आणि मग जाता जाता सहज म्हणून किल्लीचा विषय काढला. नुसतं एकदा बघण्यापुरतं. आर्कान्सावाल्याचा फोन येऊन गेला होता.

लीव्हॉनने विचारलं, "पारा काय म्हणतो, मिस्टर डब?"

"चौऱ्याहत्तर."

"मग दोन-तीन अंश उतरले की या." आणि चहा आणखी हवा का म्हणून विचारलं.

पुढचे दिवस तसेच गेले. मेलेली कमी कमी होत गेली. एका सकाळी कोपऱ्यात एकच बगळा होता, दुसऱ्या सकाळी तोही नव्हता. यावरूनही ओथेलाला काही ठरवता येईना. मरायची थांबली म्हणून बगळा गेला, की मरायला काही उरलं नाही म्हणून? टायरी म्हणाला की बगळ्यालाच विचारा, तो निदान खोटं बोलणार नाही. तिने त्याला चाकाचं ग्रीस बघायला पाठवलं.

ऑक्टोबरच्या मध्यात, एका मंगळवारी, थर्मामीटर सत्तरवर आलं. ओथेलाने ते दोनदा बुडवून पाहिलं. लीव्हॉनने गळ्यातली नाडी काढून किल्ली टेबलावर ठेवली. संध्याकाळपर्यंत परत हवी, असं बजावलं.

सात वाजता तिघेही सहा नंबरच्या बांधावर होते. आर्कान्सावाल्याला त्याच दिवशी उत्तर द्यायचं होतं. मिस्टर डबच्या खिशात फोन होता आणि त्यांचा हात फोनवर होता. ओथेलाने आधी वाऱ्याकडच्या कोपऱ्यात जाऊन पाहिलं. तिथे काही लोंबकळत नव्हतं. मग ती ट्रकमध्ये चढली आणि पूर्वीच्या निम्मं खाद्य सोडलं.

गोळ्या पाण्यावर तरंगत राहिल्या. मिस्टर डबनी काडी चावून मोडली. चाकाचा आवाज येत होता, बाकी काही नाही. मग मधोमध एक वलय उठलं. थोड्या अंतरावर दुसरं. पाणी हललं, फाटलं, आणि तळ्याच्या पलीकडच्या अर्ध्या भागात शेपट्या आपटायला लागल्या. अलीकडचा अर्धा भाग तसाच सपाट राहिला. थोड्या गोळ्या त्यावर तरंगत कडेला आल्या.

 जे दिसलं त्याचे दोन अर्थ होते आणि दोन्ही तिघांनाही कळत होते. सत्तरच्या पाण्यात बोटुकल्यांची भूक मंदावते, सगळी वर येत नाहीत.

"निम्मी गेली," मिस्टर डब म्हणाले, "की निम्मी झोपलीत?"

"मला माहीत नाही."

"अंदाज?"

"अंदाज करूनच इथवर आलोय, मिस्टर डब."

ते पुन्हा पाण्याकडे बघत राहिले. जी आली होती ती खात होती. त्यांच्या डोक्यांवर खड्डे नव्हते, निदान बांधावरून दिसत नव्हते. मिस्टर डब थोडे लांब गेले, पाठ वळवून फोन लावला. त्यांचं बोलणं वाऱ्याने तुटक ऐकू येत होतं. ओथेलाचे हात खिशात होते. टायरी मुद्दाम दुसरीकडे बघत होता.

ते परत आले तेव्हा म्हणाले की आर्कान्सावाल्याकडून बोटुकली आधी ठरवली होती त्याच्या निम्मीच घेतोय. ती मोठ्या तळ्यांत जातील. सहा नंबर बोटुकल्यांचंच राहील. नोव्हेंबरात जाळं ओढायचं ते ठरल्याप्रमाणे ओढू, त्यात काय निघेल ते निघेल.

ओथेलाने विचारलं, "म्हणजे मी इथे?"

"तू इथेच. वसंतात पुन्हा बघू."

वसंतात पुन्हा बघू याचा अर्थ काय, हे तिने विचारलं नाही. ट्रक शेडमध्ये लावला, कडेला आलेल्या गोळ्या जाळीने गोळा केल्या, कुलूप लावलं. घरी गेल्यावर किल्ली लीव्हॉनच्या हातात दिली. त्याने ती नाडीत ओवली आणि कशी खाल्ली म्हणून विचारलं. ती म्हणाली, निम्मी. मग म्हणाली, किंवा सगळी. तो म्हणाला, क्लिनिकवालेही माझ्याबद्दल असंच सांगतात.

उद्या बुधवार. सकाळी सहा पन्नासला ओथेला सहा नंबरची दोरी ओढून पाणी मोजेल आणि बांधावरून परत जाईल. उद्या तिथे खाद्य पडणार नाही, आता एक दिवसाआडच द्यायचं आहे. गुरुवारी सात वाजता पडेल, पाणी बहात्तरच्या खाली असलं तर.